भाजक

केंद्रप्रमुख म्हणाले, बाई, तुमची शाळा फार महाग आहे.
मी वर पाहिलं.
कौलातून थेंब पडत होता, खाली खिचडीचं पातेलं
एकेक करून मोजत होतं.
महाग?

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.
माझा पगार, तांदूळ, खडू, सादिल,
सगळ्याची बेरीज, मग एक रेघ,
रेघेखाली पाच.

पाच म्हणजे उनैस होडेकर, मिताली डोर्लेकर,
पालशेतकरांची जुळी,
आणि चिरेखाणीवरच्या राखणदाराची रेणव्वा.
पावसात खाणीत पाणी भरतं, मजूर विजापुराकडे जातात,
तिचा बाप मशीन राखत मागे राहतो,
म्हणून ती पटावर. नाहीतर चारच.

उनैसचा बाप बोटीवर भंडारी.
इंजिन बिघडून नॉर्वेच्या एका बंदरात
अठरा दिवस अडकला, तेव्हा त्यानं फोटो पाठवला:
तिथल्या शाळेतलं एक कपाट.
आत ऊब. आत पोरांचे ओले कोट,
आणि वलांडीवर बोंबील टांगावेत
तसे हातमोजे.
खाली लिहिलेलं, 'बाई, कपडे सुकवायला कपाट. सरकारी!'
आणि पुढे, 'आपल्या शाळेचा पण एक फोटो पाठवा.'

त्या दिवशी नेमकी शेकडेवारी होती.
मी फळ्यावर दोन देश काढले.
एक लांबट, काठ उंदरानं कुरतडल्यासारखा,
खाडीमागून खाडी, थेट आपल्यासारखा.
दुसरा पोरांना न सांगता कळला.
म्हटलं, दोघांकडे शंभर शंभर रुपये धरा,
शाळेवर कोण किती टाकतो?
पेपरात वाचलेले आकडे मांडले.
फरक मितालीच्या एका हातावर मावला.
'येवढाच?' ती म्हणाली.
'मग कपाट का नाय आपल्याकडं?'

मग खिसा केवढा, ते आलं.
मग त्या खिशाला किती पोरं लोंबकळतात, ते.
शून्यं लिहीत लिहीत मी खिडकीपर्यंत पोचले,
पुढे भिंत नव्हती, खाडी होती.

जुळ्यांना ओहोटीची चिखलवाट दिसली, त्यांचं लक्ष उडालं.
रेणव्वाला मराठी अजून अर्धंच येतं.
तिनं बोट वर केलं:
'बाई, मी कुठल्या खिशात?'
मी म्हटलं, घंटा झाली.
घंटा झाली नव्हती.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं नाही.
एवढंच विचारलं,
म्हणजे भागून पाहिलं तर पोरामागे
आपण नॉर्वेच्या वाटेवर की हो?
ते हसले नाहीत. माणूस वाईट नाही,
अकरा शाळा, मोटारसायकल स्वतःची, पेट्रोलही.
रुमालानं चष्मा पुसत म्हणाले,
'म्हणूनच तर.'

सोमवारपासून पलीकडच्या शाळेत.
तिथे पट एकोणसाठ, भागाकार स्वस्त येतो.
होडीचे येऊन-जाऊन वीस रुपये
कुठल्याच रकान्यात बसले नाहीत.
उधाण असलं की काझी होडी सोडत नाही,
तो दिवसही नाही.
इतकी वर्षं मी शिकवलं,
भाजक लहान तर उत्तर मोठं.
मोठ्या उत्तराची शिक्षा होते
हे पुस्तकात नव्हतं.

शनिवारी दप्तर बांधताना फोटोची आठवण झाली.
काय पाठवायचं? फळा? नकाशा?
पोषण आहाराच्या खोलीत गेले.
वासंतीमावशी चुलीवर आडवी दोरी बांधतात,
खाली खिचडी रटरटते,
वर गणवेश सुकतात, दिवसभर पोरांना
धुराचा आणि हळदीचा वास येतो.
तोच काढला. ही आमची ऊब, नजीबभाई,
सरकारी म्हणा हवं तर, लाकूड मावशींचं.

पाठवल्यावर मोठा करून पाहिला.
दोरीवर चार सदरे.
रेणव्वा तिचा अंगावरच सुकवते.