मोजा

खाकी पाकीट आलं, गाडीच्या टॅक्सचं.
निनादने ते उघडलं नाही, उजेडाकडे धरलं,
एक्सरे बघावा तसं,
आणि म्हणाला, वाढलाय.

त्याच रविवारी त्याने टपावरचा कॅरिअर उतरवला.
डिकीतून काढली मोडकी छत्री, तांदळाची दहा किलोची गोणी.
महिनाभर आम्ही तिला हॅलिफॅक्स दाखवत होतो.
सायकलच्या पंपाने चारही चाकांत हवा भरली
आणि धापा टाकत म्हणाला, आता बघ.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणे.
टाकी मात्र थेंबे थेंबे आटते.

मी केअरर. सात ते दोन, नऊ घरं.
एजन्सी पैसे देते घर ते घर मैलांचे,
माझ्या दारापासून पहिल्या दारापर्यंतचे नाहीत,
शेवटच्या दारातून परत येण्याचेही नाहीत.
ते दोन तुकडे पदरचे.

पहिलं दार मिस्टर बॅरक्लॉंचं, वर नॉरलँडला.
सॉवर्बी ब्रिज सुटलं की रस्ता उभाच राहतो
आणि थंड इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये
दमेकऱ्यासारखं चढतं.
बॅरक्लॉंनी एकतीस वर्षं या डोंगरांवर दुधाचा टँकर चालवला.
मी त्यांच्या पायांना मलम लावते, मोजे चढवते,
ते मला गाडी शिकवतात:
"अर्धा भरलेला टँकर, पोरी, सगळ्यात वाईट.
कचकन ब्रेक मारलास तर दूध ऐकत नाही.
मागून येतं आणि सिग्नलच्या पार ढकलतं.
म्हणून लांब बघायचं. पुढच्या तिसऱ्या गाडीचा लाल दिवा.
पाय आधी उचलायचा, ब्रेक नंतर आठवायचा.
आणि उताराला न्यूट्रल नको. गिअरमध्येच उतर,
तेव्हा ते थेंबभरही पीत नाही."

मग मी सगळीकडे दूध नेऊ लागले.
वळणावर दूध, चढावर दूध,
मागचा व्हॅनवाला भोंगा वाजवतो, वाजवू दे,
त्याच्याकडे हिंदकळायला काही नाही.

रोज ते विचारतात, किती?
मी गॅलनमागचे मैल सांगते,
ते कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात, डॉक्टरच्या तारखेखाली.
एकेचाळीस. त्रेचाळीस. पाऊस होता, चाळीस.
सत्तेचाळीसला मला बिस्कीट मिळालं.

मग एका गुरुवारी, टेबलावर, पाकिटाच्या पाठीवर नकाशा.
कापऱ्या हाताने मांडलेली नऊ घरं,
एक वाटोळी रेघ, कुठेही मागे फिरणं नाही.
त्यांचं घर शेवटी.
"थंड इंजिनाने माझा चढ चढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.
आधी खालची घरं कर. तापून ये.
माझ्यापासून खाली सगळा उतार, तो तुला फुकट."
मी म्हटलं, म्हणजे दीड वाजेल. तोवर अनवाणी?
ते म्हणाले, "मला कुठे दूध पोचवायचंय."

एजन्सीला चाललं.
मलाही चाललं, हेही इथे लिहून ठेवते.

काल बावन्न झाले.
दीड वाजता दार उघडलं तेव्हा
ते खुर्चीच्या कडेवर बसलेले.
डाव्या पायात मोजा, टाच पावलावर आलेली,
उजवा मोजा हातात.
सकाळचा चहा तसाच, साय धरलेला.
"किती?"
मी खाली बसले. उजवं पाऊल तळहातांत धरलं,
नळाखालून काढल्यासारखं गार.
बाहेर इंजिन टिकटिकत निवत होतं.
"चाळीस," मी म्हणाले. "उलट घटलंच.
उद्यापासून परत सातला येते."

त्यांनी पेन्सिल उचलली,
खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि काहीच न लिहिता ती कानावर ठेवली.
"टायर बघून घे," म्हणाले.