जादा खुर्च्या

मी दोन्ही तालमींच्या जर्सी शिवते.
आकाशी एका कपाटात, चॉकलेटी दुसऱ्यात.
मॅचच्या आदल्या रात्री दोन्हीकडची पोरं
माझ्या एकाच बाकावर बसून पाठीवर नंबर चिकटवून घेतात,
एकमेकांकडं न बघता.

माझ्या वहीत सगळ्यांची मापं आहेत.
छाती, खांदा, बाही,
आणि शेवटच्या रकान्यात आईचा नंबर,
कारण पोरं उधारी ठेवतात आणि फोन उचलत नाहीत.

जूनमध्ये कुणीतरी स्टेटस ठेवलं.
काय होतं ते मी बघितलं नाही.
स्वतः बघितलेला माणूसही मला अजून भेटलेला नाही.
दुपारी महाद्वार रोडची शटरं खाली,
संध्याकाळी नेट बंद.

ठाण्यात शांतता समिती बसली.
दरसालचे तेच चौदा जण, कडक इस्त्री, खिशाला पेन.
ऐक्याची परंपरा, म्हणाले.
त्या परंपरेला इतक्यांदा उभं केलंय
की तिचे गुडघे गेले असतील.
मग चहा. मग फोटो.

त्याच वेळी माझ्या मागच्या दारात दोघी उभ्या.
जुवेरिया मुजावर, बी.कॉम.चं दुसरं वर्ष,
आणि केतकी साळोखे, मुलींच्या संघाची गोलकीपर,
हाताला अजून पट्टी.
"मावशी, मापाची वही द्या."
"आत्ता कुणाचं शिवायचंय?"
"नेट नाही, पण फोन लागतोय."

एकूण एकसष्ट नंबर. तिघींनी वाटून घेतले.
शांततेचं आवाहन वगैरे काही केलं नाही.
फक्त विचारलं, पोरगं घरात हाय काय? जेवलं काय?
कुणी म्हणाली, झोपलंय.
कुणी म्हणाली, तुम्हाला काय करायचंय, आणि ठेवला.
शेवंतानं बराच वेळ काही म्हटलं नाही.
मग म्हणाली, मी पण येतो, थांबा.

पाच म्हणजे जमाव.
आम्ही चौघीच गेलो.

पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर दिवे फोडलेले.
वीसेक जण, तोंडाला रुमाल.
एक जण ओरडला, बायकांनी घरात बसायचं.
आवाज ओळखीचा नव्हता.
पण खांदे मला कळतात.
छत्तीस. अडतीस. चाळीस, पोट सुटायला लागलेलं.
आणि कडेचा तो,
ज्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

"सुजय," मी म्हटलं,
"तुझी बाही सैल करायची राहिलीय.
अल्फाज, तू आणि कपडा न्यायला आला नाहीस."

अंधारात नाव घेतलं की माणूस कसा दिसायला लागतो,
ते मी त्या दिवशी बघितलं.
कुणी रुमाल वर ओढला, कुणी खाली.
शेवंता पुढं गेली आणि मुलाच्या समोर नुसती उभी राहिली.
तिनं त्याला हात लावला नाही. रडलीही नाही.
केतकी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध,
जशी पेनल्टीला उभी राहते.

दगड पडले असं मी म्हणणार नाही.
सुजयनं त्याचा खिशात घातला.
पांगले, एकेक करून, शिव्या देत.

त्याच रात्री पलीकडच्या गल्लीत
बाबालालचा फळांचा गाडा जळाला.
तिथल्या कुणाचं माप माझ्याकडं नव्हतं.

पुढच्या बैठकीला दोन जादा खुर्च्या मांडल्या.
मागच्या ओळीत, प्लॅस्टिकच्या, एकीचा पाय चिरलेला.
जुवेरियानं ती उचलून पुढं नेली
आणि चौदा जणांना एवढंच विचारलं,
तुमच्यापैकी किती जणांकडं पोरांचे नंबर हायत?
पंखा तेवढा फिरत होता.
फोटोत ती आहे, पण अर्धीच. कडेला कापली गेलीय.
केतकी म्हणते, पुढल्या वेळी फोटो आम्ही काढणार.

दहा दिवसांनी सुजय आला.
टेप लावताना खिशाचं वजन हाताला लागलं.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
बाही अर्धा इंच सैल केली
आणि वहीत, बाबालालच्या गल्लीसाठी,
नवीन पान आखलं.