मागची गाडी

खोका ड्रायव्हरच्या सीटवर बसतो,
त्याचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलला धरून.
व्हर्लिन रोज सकाळी त्याला पट्ट्याने बांधतो,
आणि जोडणी तुटलीच तर ओढली जाणारी ती तार
दोनदा ओढून बघतो.

पुढे घर, बत्तीस फुटी.
मागे आमची छोटी गाडी, न्यूट्रलमध्ये.
चाकं फिरतात, तिचं काही चालत नाही.
घराने ब्रेक दाबला की खोक्यानेही दाबायचा
आणि माझ्यासमोर तांबडा दिवा लागायचा.
माझं काम एवढंच : "लागला" म्हणायचं,
"विझला" म्हणायचं.

बिगहॉर्नच्या चढावर
दिवा लागला तो विझेचना.
"लागलाय," मी म्हटलं.
"चढाला कशाला लागेल?
दिवाच बिघडलाय."
अकरा मैल.
मग वास आला.

खिंडीत थांबलो. मागच्या चाकांतून धूर.
तो टोपी काढून टायरांना वारा घालत राहिला
माझ्याकडे न बघता.
मीही काही बोलले नाही,
सँडविच मात्र एकच केलं.

तासाभराने चाकं निवली.
मी छोटी गाडी सोडवली,
खोका मागच्या सीटवर टाकला,
त्याच्या जागी बसले.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात
आपलं घर पाठमोरं जाताना पहिल्यांदाच पाहिलं :
शिडी, घडीच्या दोन खुर्च्या,
दारात अडकून फडफडणारा माझाच टॉवेल.

टेन स्लीपच्या उतारावर
त्याचे दिवे लागले.
"लागला," मी म्हटलं,
गाडीत कुणी नसताना,
आणि पाय दाबला.
खोक्यापेक्षा जरा उशिराच.