विंगेकडे

मंडईची रात्र, सिंदेवाहीच्या पलीकडचं गाव.
स्टेजच्या कडेला, पेटीवाल्याशेजारी,
काठीवर बसवला लिंबाएवढा कॅमेरा.
त्याला चहूकडे डोळे. पाठ नाही,
म्हणून त्याच्यामागे उभं राहायला जागाही नाही.
मी सतरंजी पांघरून आडवा झालो,
नायिकेच्या पैंजणांपासून हातभरावर,
दहा ते पहाटे चार.

नाटक नेटवर चढवलं.
ज्यांनी पाहिलं त्यांनी समोरच पाहिलं:
खलनायकाचं हसणं,
टेबलफॅनने उडणारा पदर.
मान कोणी वळवली नाही.
तणसावर दाटीने बसलेलं गाव,
डुलक्या घेणारा होमगार्ड,
उकडलेल्या शेंगांच्या परातीवरची वाफ
सगळं तिथेच होतं,
एका बोटाच्या अंतरावर.

फक्त हिंजवडीच्या खोलीत
निकुऱ्यांच्या प्रज्वलाने
नायक मरत असताना त्याला सोडलं
आणि बोट नेलं डावीकडे,
पडद्याच्या फटीत.

तिथे दामाजी निकुरे.
बत्तीस वर्षं प्रॉम्प्टर.
मांडीवर वही, चष्म्याला सुतळी,
तोंडात विझलेली बिडी तशीच.
आधी त्याचे ओठ हलतात,
मग नायक मरतो.

फोन रात्रीच आला.
"आबाजी, तुमी तं दिसून राहिले!"
म्हातारा दचकलाच.
"कोनाले दिसलो? चुकलं का काई?"

आता तो रोज कोणाकडून तरी मोबाईल मागतो
आणि बोटाने उलटा फिरतो,
स्वतःला टाळून, प्रेक्षकांकडे.
त्यांची तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती.

सरळ खाली पाहिलंत
तर काठी दिसत नाही, पुसली गेली.
सतरंजीचा कोपरा मात्र
दुसऱ्या अंकात हलतो.
तो मी.