तिकीट क्रमांक ४४०७

अकरा वर्षं मी भिंतींना धडका दिल्या.
पगार घेऊन.
उडी मार, कोपऱ्यात शीर,
शिडी चढताना मध्येच नकाशा उघड,
मेंढी उचलून दारात टाक आणि दार लाव.
आई फोनवर विचारायची, तिकडे ओउलूत तू नक्की करतेस काय?
मी म्हणायचे, गेममधलं जग कुठे उसवलंय ते बघते.
आणि शिवतं कोण?

शिवतो ओस्मो.
त्यानेच नोव्हेंबरात हे एजंट आणले, चारशे.
खुर्ची नको, कॉफी नको, मानेला पट्टा नको.
संध्याकाळी आम्ही दिवे मालवून निघालो
की ते खेळायला बसतात.
बसतात, आपलं म्हणायचं.
सकाळी अहवाल तयार:
कुठे अडकले, कुठे मेले, कुठे कंटाळले.
शेवटचा रकाना ओस्मोने गमतीने टाकलाय.
तो रोज रिकामा येतो.

आज पहिल्याच ओळीत दीपस्तंभामागची भिंत.
पाऊस चालू असताना,
तिसऱ्या दगडाशी, पाठमोरं, वाकून.
एक हजार नऊशे बारा वेळा पडले तिथून
एका रात्रीत.

ती भिंत माझी होती.
दोन हिवाळे घासली होती मी तिला,
दगड न् दगड.
पास, असं लिहून खाली नाव: सिर्क्का.
पावसात माणूस काय करतो?
भिंतीला पाठ लावतो, मान खाली घालतो.
एवढं साधं,
आणि ते सुचलं कुणाला.

ओस्मो म्हणाला, दुपारपर्यंत बुजवतो.
मी म्हटलं, आधी जेवून ये.

बाहेर समुद्र गोठलेला,
त्यावरून कुणीतरी सायकल हाकत चाललेलं.
मी माझा जुना कंट्रोलर काढला,
डाव्या अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालेला.
दीपस्तंभ. पाऊस. तिसरा दगड.
पाठ लावली.
वाकले.

पोटात खड्डा पडला, खरोखरचा,
खुर्चीचा हात धरला मी.
मग सगळं खालून दिसायला लागलं:
तळ नसलेली घरं,
मुळं न काढलेली झाडं,
कागदाइतका पातळ समुद्र,
आणि त्याच्या खालच्या अंगाला चिकटून
एक मेंढी, शांतपणे चरत.
कधीतरी मीच दारात चेमटलेली असेल.
मी पडत राहिले.
जमीन कुणी केलीच नव्हती तिथे,
कशाला करतील?

चारशे जण इथून गेले.
कुणाच्या काळजात धस्स झालं का,
याचा रकाना नाही.

ओस्मो आला, बूट आपटून बर्फ झाडत.
बघितलंस?
हो, म्हटलं. आहे. बुजव.

तो कोट काढेपर्यंत
मी अहवाल उघडला,
बारा खोडून
तेरा केले.