गच्चीच्या चावीसाठी अर्ज

मा. सेक्रेटरीसाहेब,
सूर्यदर्शन सोसायटी, टिळकनगर, चेंबूर.
विषय: गच्चीची चावी, रोज अकरा ते साडेअकरा.

महोदय,
मी दोनशे तीनमधली हिंदळेकर.
चौदा वर्षं परळच्या लॅबमध्ये, तळघरात,
लोकांचं रक्त मशीनमध्ये फिरवते.
तिथे ऊन जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत येतं
आणि अपॉइंटमेंट नसलेल्या माणसासारखं
तिथूनच परत जातं.

घरी पूर्वी यायचं. आठवत असेल तुम्हाला,
समोर चार मजलीच होती तेव्हा
आधी ओट्यावर, मग डब्यांच्या झाकणांवर,
मग कढीपत्त्याच्या कुंडीत उतरायचं.
आता समोर बावीस मजले.
कढीपत्ता मी नणंदेला देऊन टाकला.

मागच्या महिन्यात स्वतःचीच नळी मशीनला लावली.
तीन महिन्यांची साखर: सहा पूर्णांक एक.
डी जीवनसत्त्व: नऊ.
डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही,
पण दारात आलाय, चपला काढतोय.
मग नऊचा आकडा पाहून हसले.
मुंबईतच राहता ना हो तुम्ही?

पुडी लिहून दिली. आठवड्याला एक, दुधातून.
साठ हजार, असं छापलंय तिच्यावर.
एवढा आकडा आमच्या घरी
फक्त मुलीच्या फीच्या पावतीवर पाहिलेला.
रविवारी ढवळते, पिते,
पेल्याच्या तळाशी थोडं ऊन उरतं
ते बोटाने निपटून घेते.

विचारलं, याने साखर मागे फिरेल?
प्रामाणिक माणूस. म्हणाले,
हाडांचं सांगू शकतो. साखरेचं…
काठावरच्या काहींना थोडा हातभार लागतो असं दिसतंय.
पण पुडी पिऊन वर जिलबी खाल्लीत
तर माझ्याकडे येऊ नका.
चाला. वजन उतरवा. आणि बरं वाटतंय म्हणून
मनाने पुड्या वाढवू नका, तेही अंगाशी येतं.

चालायला जागा हवी.
खालच्या अंगणात गाड्या झोपतात.
गच्चीवर टाक्या आहेत, डिशच्या छत्र्या आहेत,
तरी दाराच्या फटीतून मी नजरेने मोजलंय:
एकेचाळीस पावलं, एका बाजूने.
माझी पाळी एकची असते. तेवढ्यात होतं.
कुलूप का लागलं ते ठाऊक आहे मला,
कॉलेजची पोरं, सिगारेटी, ती पतंगाची भानगड.
मी सिगारेट ओढत नाही.
पापड वाळत घालणार नाही.
(घातले तर दोन-चारच.)

तुमच्या फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना आहे.
मी ‘ऊन’ लिहिलं.
ऑफिसातली मुलगी म्हणाली, काकू, नीट लिहा,
‘वैयक्तिक’ लिहा.
खोडून वैयक्तिक लिहिलंय.
खोडलेलंही वाचता येतं.

शेवटचं. हे अर्जाबाहेरचं समजा.
मंगळवारी उपाशीपोटी तुम्ही
आमच्या घाटकोपरच्या सेंटरवर येऊन गेलात.
तिथल्या नळ्या परळला येतात, माझ्या हाताखाली.
नाव वाचलं. दोनदा वाचलं.
आकडा सांगणार नाही, तो डॉक्टरांनी सांगायचा;
चौदा वर्षांत मी कुणाचा सांगितला नाही.
एवढंच सुचवते,
चावीवाल्याकडे जाल तेव्हा
दोन करून घ्या.

आपली विश्वासू,
कुंदा हिंदळेकर