रिव्हर्स पडत नाही

दांडी पुढं ढकलली की ‘टिटवी’ पुढं जायची,
उशिरा, कुरकुरत, पण जायची.
मागं ओढली की नुसताच आवाज.
इंजिन ओरडतंय आणि बोट
धक्क्याकडं सरकतेच आहे सावकाश,
आमंत्रण नसलेल्या माणसानं
पंगतीकडं सरकावं तशी.

खांबेटे म्हणाला, गिअरबॉक्स गेला.
ऐंशी हजार. विकून टाकू.
अर्धी बोट त्याची आहे.
कुठली अर्धी, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.

मी बत्तीस वर्षं वेधशाळेत काढली.
खडकवासल्यावर वारा कुठून येणार ते मला विचारा,
बरोबर निघेलच असं नाही.
पण पायऱ्यांच्या मागं, त्या डिझेल-वासाच्या खोपटात
काय चालतं, ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

धायरीहून दस्तगीर मुलाणी आला.
रिक्षा, टेम्पो आणि नांदेड गावातलं एक गुऱ्हाळ,
एवढ्यांचा डॉक्टर. बोटीत पहिल्यांदाच.
चपला धक्क्यावर काढल्या, आणि विचारलं:
हे पाणी आपण पितो ना?
पितो.
मग तेलाचा एक थेंब सांडायचा नाही बाई,
नाहीतर उद्या सदाशिव पेठेत चहाला वास येईल.
आणि तुपाचा रिकामा डबा बॉक्सखाली सरकवला.

तेलाची काठी काढली, पुसली,
आटे न पिळता नुसती टेकवली, पुन्हा काढली.
चिमटीत चोळून नाकाशी नेलं.
दुधासारखं असतं तर पाणी शिरलंय.
करपल्याचा वास असता तर प्लेटा घसरतायत.
हे मधासारखं आहे. पोट साफ आहे हिचं.

मग इंजिन बंद असताना
केबलचं टोक बॉक्सवरून सोडवलं
आणि बॉक्सचा कान, इवलासा, लोखंडी,
दोन बोटांनी हलवला.
पुढं: टक्. मधे: काही नाही.
मागं: टक्.
याला ऐकू येतंय, तो म्हणाला.
तुमचा निरोपच पोचत नाही.

मला वर पाठवलं. दांडी हलवा.
मी हलवली. खालून: हलवा की!
हलवतेय!
मग वरचा पाइपच नाचतोय हो,
आतली तार जागची हलत नाही.

केबलला धरून ठेवणारी पट्टी,
दोन स्क्रूंची, बोटाएवढी,
गंजून मधोमध तुटलेली.
धरायला कुणी नाही म्हणून
माझा सगळा जोर
बाहेरच्या कातड्यातच जिरत होता.
(सहा महिने मी खांबेटेला काय काय सांगत होते,
ते नेमकं त्याच क्षणी आठवायला नको होतं.)

नाना पेठेत चार दुकानं.
कुठल्या गाडीचं? बोटीचं.
चौथ्यानं मला नीट वर-खाली पाहिलं.
शेवटी दस्तगीरनंच रिक्षाच्या सायलेन्सरची पट्टी कापली,
कानशीनं घासली, भोकं पाडली.
टोकाचे आटे कधी दोन आत, कधी एक बाहेर,
दांडी मधे तर कानही मधेच आला पाहिजे,
नाहीतर एकीकडं पूर्ण बसतो
आणि दुसरीकडं अर्धा बसून दात खातो.

आधी दोर बांधलेले ठेवूनच पाहिलं.
मागं ओढली. टक्.
पाणी उलट्या अंगानं फेसाळलं,
दोन पाणकावळे उठून दुसऱ्या बोयावर गेले.
मग दोर सोडले.

टिटवी मागं निघाली,
आणि ढुंगण डावीकडं वळवत गेली.
दस्तगीरचा चेहरा पडला. अजून काहीतरी राहिलंय!
नाही, मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा
एखाद्या मिस्त्रीला समजावत:
मागं जाताना पंखा एका बाजूला ओढतो.
दोष नाही तो. स्वभाव.
म्हणजे हे दुरुस्त करायचं नाही?
नाही. धरून चालायचं,
आणि उजवीकडं थोडी जास्त जागा सोडायची.
बराच वेळ तो पाण्याकडं बघून हसत होता.

संध्याकाळी खांबेटेला तुटक्या पट्टीचा फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा उमटल्या.
अजून उत्तर नाही.
पट्टी तुपाच्या डब्यात ठेवली आहे.